आक्काची शिंक

"माझा व्हायरस पेशीबाहेर पाऊल टाकून दाखवू दे, भर सभेत मिशी उतरवतो," असं डॉक्टर संचालकबाईंना म्हणाले. मास्क तोंडावर घट्ट बसावा म्हणून मिशी त्यांनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी उतरवली होती. त्यामुळे पैजेत जाण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं.

फ्लूचा व्हायरस म्हणजे फुकट्या पाहुणा. पेशीत घुसतो, तिच्याच सामानात स्वतःच्या नकला बनवून घेतो, प्रत्येक नकलेत आपले आठ तुकडे चाचपून भरतो आणि वर पेशीचीच साल पांघरून निघतो. फक्त निघताना दाराशी चिकटतो, कारण पेशीच्या अंगावर चिकट धागे असतात. ते कापायला त्याच्याकडे एक कात्री असते. डॉक्टरांनी सात वर्षं खपून ती कात्री बोथट केली होती. आता नकला बनायच्या, पण 'निघतो, निघतो' म्हणत तासभर उंबऱ्यात उभ्या राहणाऱ्या पाहुण्यांसारख्या तिथेच ताटकळायच्या. असा घरकोंबडा व्हायरस लशीच्या कामी येणार होता. आज संपणारा प्रयोग पार पडला की डॉक्टरांना स्वतःची प्रयोगशाळा मिळणार होती. नाही पडला, तर सात वर्षं पाण्यात.

प्रयोग दोन फेरेटांवर होता. फेरेट म्हणजे मुंगसाला दोन्हीकडून ओढून लांब केल्यासारखं जनावर. त्याला फ्लू माणसासारखाच होतो, आणि माणसाकडूनही होतो. एका पिंजऱ्यात दादा, त्याच्या नाकात चार दिवसांपूर्वी डॉक्टरांचा व्हायरस सोडलेला. जाळीपलीकडे आक्का, ठणठणीत. दादाकडून आक्काला काही गेलं नाही, म्हणजे डॉक्टर जिंकले.

बाई काचेबाहेर उभ्या होत्या. आत डॉक्टर, आणि शिडीवर हवेचा फिल्टर बदलणारे त्यांचे साडू. साडूंकडे इथल्या हवेचं आणि दारांचं कंत्राट होतं. मिशीचं वाक्य संपलं आणि आक्का शिंकली. डॉक्टर म्हणाले, जांभई असेल. आक्का परत शिंकली. बाईंनी डॉक्टरांच्या वरच्या ओठाकडे पाहिलं.

नियमाप्रमाणे आक्काच्या नाकातला नमुना तपासणीला गेला आणि आत असलेले दोघं मागच्या क्वारंटाइनच्या खोलीत. खोलीत दोन खाटा, भिंतीत बोलायचं यंत्र आणि एक दार. हे दार म्हणजे साडूंच्या आयुष्याची कमाई. बाहेरून कोपराने ढकललं तरी उघडायचं, आवाज न करता आपोआप लागायचं, आणि आतून त्याला कडी, मूठ, भोक, काही म्हणजे काही नव्हतं. आतल्या माणसाला सोडायचं तर बाईंच्या कार्डानेच. सासूबाईंकडे जेवताना साडूंनी या दाराचं इतकं कौतुक सांगितलं होतं, की सासूबाईंनी विचारलं होतं, "मग आतला माणूस बाहेर कसा येतो?" तेव्हा साडू हसले होते.

आता त्यांनी खिशातून आपल्या डब्याचा चमचा काढला आणि फटीत घालून पाहिला. चमचा वाकला. साडू खाटेवर येऊन बसले. "बघितलंत? पातं शिरत नाही," ते म्हणाले. चेहऱ्यावर दुःख होतं की अभिमान, ते त्यांनाही ठरवता येत नसावं.

डॉक्टरांचं लक्ष दाराकडे नव्हतं. ते आक्काच्या नाकात अडकले होते. तपासणीत त्यांचा व्हायरस निघाला, तर कात्री बोथट नाही, सगळं संपलं. साधा गावभर फिरणारा फ्लू निघाला, तर व्हायरस निर्दोष, पण मग तो आक्काला दिला कुणी? आत गेलेली नाकं दोनच. फाटकावरचा पहारेकरी रोज प्रत्येकाला विचारायचा, "घरात कुणाला सर्दी?" जो 'हो' म्हणेल त्याला सरळ या खोलीत धाडायचं, असा त्याला हुकूम होता. आजवर 'हो' कुणी म्हटलंच नव्हतं. सोमवारपासून रोज दोघंही 'छे' म्हणून आत येत होते. आणि रविवारी दोघंही सासूबाईंकडे जेवायला होते, जिथे टेबलाभोवतीचं प्रत्येक माणूस खोकत होतं.

"तुम्ही शिंकलात रविवारी," साडू म्हणाले. "सूप वाढताना. दोनदा."

"ती मिरपूड होती."

"मिरपूड माझ्या बाजूला होती, साडूभाऊ."

डॉक्टर म्हणाले, मग तुमचा फिल्टर गळत असेल. साडू ताडकन उठले. माझ्या फिल्टरमधून वारासुद्धा विचारून जातो, म्हणाले. आक्काला माणसाच्या नाकातून लागण झाली हे एकदा ठरलं, की त्यांचा फिल्टर सुटत होता आणि डॉक्टरांचा व्हायरसही सुटत होता. दोघांचं भलं एकाच गोष्टीत होतं. कुणीतरी सर्दी कबूल करायला हवी होती. रिपोर्ट यायच्या आधी केली तर प्रामाणिकपणा, नंतर केली तर चोरी. फक्त, करायची कुणी?

डॉक्टरांनी सुचवलं, तुम्ही करा, तुमचं काय, कंत्राट दुसरीकडे मिळेल. साडू म्हणाले, तुम्ही करा, तुम्हाला पगार चालू राहील. तासभर हे चाललं. जेवण आलं. डबा ठेवायला दार उघडलं ते दोघांना दिसलं, पण लागलं कधी ते कळलं नाही. जेवताना साडूंना सुचलं.

"मोठा जावई कोण?" त्यांनी विचारलं.

डॉक्टर डब्यात बघू लागले.

"नाही, आठवा ना. सासूबाईंकडे पहिली खुर्ची कुणाची? पहिलं ताट कुणाला? मी आधी बसलो म्हणून तुम्ही तीन महिने अबोला धरला होता, तो कशावरून? मोठ्या साडूचा मान! मग घ्या की हाही."

जन्मभर जी खुर्ची डॉक्टरांनी भांडून मिळवली, तिच्यावरून आता उठताही येईना. शिवाय मनातल्या मनात त्यांनी हिशेब केला होता: खोटं बोलल्याची शिक्षा म्हणजे वर्षभर प्राण्यांच्या खोलीत जायची बंदी, बस. सात वर्षांपुढे एक वर्ष काहीच नाही. त्यांनी केस नीट केले, यंत्राचं बटण दाबलं आणि बाईंना बोलावून घेतलं.

भाषण छान झालं. विज्ञानात खोट्याला जागा नाही, असं वाक्य त्यात होतं. मला रविवारपासून सर्दी होती, मी फाटकावर खोटं बोललो, आक्काला फ्लू मीच दिला, माझ्या व्हायरसवर आळ घेऊ नका, असं ते म्हणाले. साडूंनी मागून मान डोलावली.

पलीकडून बाईंचा आवाज आला, "झालं? रिपोर्ट आत्ताच आलाय. आक्काच्या नाकात काहीही नाही. तुमचा व्हायरस नाही, दुसराही नाही. पिंजऱ्यात नवा भुसा टाकलाय, त्याची धूळ. मी तुम्हाला सोडायलाच निघाले होते."

डॉक्टर म्हणाले, मग मिरपूडच होती ती.

बाई म्हणाल्या की असेलही, पण आता आपण ऐकलंय ते ऐकलंय. डॉक्टरांना वर्षभर प्राण्यांची खोली बंद. व्हायरस खरंच घरकोंबडा निघाला, अभिनंदन. नवी प्रयोगशाळा त्यांच्या विद्यार्थिनीला मिळेल, काम थांबायला नको. आणि सर्दीचा माणूस खोलीत आहे म्हटल्यावर क्वारंटाइन आजपासून नव्याने, पूर्ण आठवडा, दोघांनाही.

"मला सर्दी नाही," साडू यंत्रात ओरडले.

"आता होईल," बाई म्हणाल्या आणि यंत्र बंद झालं.

त्यानंतर दोघं एकमेकांकडे पाठ करून बसले. चमचा आणखी एकदा वापरून झाला. आक्का मजेत आहे, भुसा बदललाय, असा निरोप संध्याकाळी आला. तो कुणी मागितला नव्हता.

त्याच सुमाराला जावई आठवडाभर अडकल्याचं कळून सासूबाई दोन शाली आणि सूपचा डबा घेऊन फाटकावर आल्या. पहारेकऱ्याने विचारलं, घरात कुणाला सर्दी? सासूबाई खोटं बोलत नसत. त्यांनी सांगितलं, सगळ्यांना. पहारेकऱ्याने हुकमाप्रमाणे त्यांना मागच्या खोलीची वाट दाखवली. हात भरलेले होते म्हणून त्यांनी दार कोपराने ढकललं. ते सहज उघडलं आणि त्यांच्यामागे आवाज न करता लागलं. खोलीत खाटा दोनच होत्या.