टॉवेलातले भाऊसाहेब

माझ्या टॉवेलावर बुरशी आली तेव्हा आईने तो काठीने उचलून गच्चीत टाकला. मी तो कॉलेजात नेला. एमएस्सीचा प्रकल्प असा सुरू झाला.

बुरशीचं नाव आम्ही भाऊसाहेब ठेवलं. भाऊसाहेबांना वाढवायचं, अंघोळ घालायची, शुद्ध, डिस्टिल्ड पाण्यात रात्रभर भिजवायचं, मग गाळलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट घालायचं. भाऊसाहेबांच्या रसामुळे चांदीचे अतिसूक्ष्म कण बनतात, पाणी चहासारखं तपकिरी होतं आणि ते कण जंतू मारतात. पुढे तेच कण टॉवेलात. म्हणजे टॉवेलाचा वास टॉवेलातल्याच बुरशीकडून घालवायचा. घरचाच माणूस फितूर करायचा.

पण सिल्व्हर नायट्रेट पडलं की पाणी पांढरंफटक. दोनदा ताक झालं.

"आता ताक झालं तर विषय बदला," आमचे मार्गदर्शक यशपाल सर म्हणाले. "शाम्पूचा पीएच मोजा. गेल्या वर्षीच्या पोरांनी तेच केलं. सुखी आहेत."

"शाम्पू मोजायला एमएस्सी कशाला बे?" शिवानी बाहेर येऊन माझ्यावर ओरडली. प्रकल्पात ती माझी जोडीदार, आणि भाऊसाहेबांवर तिचा माझ्यापेक्षा जास्त जीव.

तिसऱ्यांदा सिल्व्हर नायट्रेट सरांसमोरच घातलं. ताक. त्यात फक्त जिरं घालायचं बाकी होतं.

"झालं तर मग," सर म्हणाले. "उद्यापासून शाम्पू..."

"पाणी आलं होऽऽ!" व्हरांड्यातून शिपाईमामा ओरडले.

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही; आलं की कोणी वाक्य पूर्ण करत नाही. शिवानीने बादली घेतली, मी दोन बीकर घेतले आणि सरांनी कोपऱ्यातला रिकामा कॅन उचलून थेट नळाखाली धरला. तिघंही घामाघूम, तिघंही समाधानी.

एकदम शिवानीची बादली खाली आली.

"सर, तो कॅन..."

"रिकामा होता की."

कॅनवर सरांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'फक्त डिस्टिल्ड. नळाचं पाणी भरू नये.'

भाऊसाहेब याच कॅनमधल्या पाण्यात भिजत होते. नळाच्या पाण्यात क्लोराइड असतं. चांदीला ते भेटलं की लगेच पांढरा साका. भाऊसाहेबांची काही चूक नव्हती!

"मागच्या वेळी मीच भरला असणार," शिवानी हळूच म्हणाली.

"त्याच्या आधी मी," मी म्हणालो. भरलेला कॅन पाहून आमच्याकडे कोणी चौकशी करत नाही. आनंदच होतो.

सरांनी कॅन उपडा केला. "सोमवारपर्यंत वेळ देतो. आणि हे व्हरांड्यात बोलायचं नाही."

नवीन डिस्टिल्ड पाणी काढलं. मधे एकदा नळ आला, तेव्हा मी कॅनवर बसून राहिलो. शिपाईमामांनी दोनदा उठायला सांगितलं, पण मी हललो नाही.

चांदी घालून अंधारात ठेवलेलं पाणी बघायला सोमवारी कपाट उघडलं. चहा! अगदी टपरीवरचा, कडक, तपकिरी. शिवानीने एवढ्या जोरात किंकाळी फोडली की शेजारच्या वर्गातली पोरं साप निघाला समजून बाहेर आली. जंतू वाढवलेल्या बशीत एक थेंब टाकून ठेवला, तर दुसऱ्या दिवशी थेंबाभोवती स्वच्छ गोल. आत एक जंतू नाही.

सर त्या गोलाकडे बघत राहिले. "शाम्पू रद्द," ते म्हणाले. "भाऊसाहेबांचे अजून नातेवाईक मिळतील का?"

मी तिथूनच घरी फोन लावला. "आई, माझा दुसरा टॉवेल धुऊ नको गं!"

"धुते कशानं?" आई म्हणाली. "पाणी कुटं आलंय आज?"