ज्याचं येणं, त्यानं दाखवायचं

"आजी, तुम्ही बोट दाखवल्याशिवाय मला लिहिता येत नाही," कोर्टाचा बेलीफ म्हणाला.

अंबूबाईंनी पदराआडून हात काढला आणि नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांच्या खुर्चीकडं बोट केलं. दोघा हमालांनी ती उचलून व्हरांड्यात नेली. मग टेबल, मग कपाट, मग भिंतीवरचा पंखासुद्धा. जप्तीची रीतच तशी. हुकूम कोर्टाचा असला तरी कोणती वस्तू न्यायची, ते ज्याचं येणं त्यानं समोर उभं राहून दाखवायचं.

येणं खरं होतं. मंडई बांधायला नगरपालिकेनं त्यांचं उसाचं रान घेतलं आणि मोबदला दिला नाही. अंबूबाईंचे पती केरबा, म्हणजे आळीचे आप्पा, सांगलीच्या कोर्टात हेलपाटे घालता घालता म्हातारे झाले आणि निकालाआधीच गेले. तोवर मंडईतले गाळे ओस पडले होते, बांधकामाच्या कर्जाचे हप्ते थकले होते. निकाल लागला तेव्हा देणाऱ्याकडं काही उरलंच नव्हतं.

कचेरीतली माणसं भिंतीला टेकून बघत होती. पंखा निघाला तसा त्यांतला एक कारकून म्हणाला, "आजी, आता वारा घालायला तुमीच थांबा." कुणी हसलं नाही.

बाहेर आवारात कचऱ्याची घंटागाडी उभी होती. शिरवळच्या कारखान्यातून रजा काढून आलेला धैर्यशील आईच्या कानाशी वाकला.

"आये, गाडी ऱ्हायली. ह्या मोडक्या सामानाचं काय येतंय? खरा पैसा गाडीतच हाय."

गाडी रेश्मा चालवायची. अंबूबाईंच्याच आळीतली, ठेक्यावर लागलेली. गाडी गेली की तिचं काम गेलं. अंबूबाईंचा पाय मोडला होता तेव्हा हिनंच त्यांना पुढच्या सीटवर उशी लावून बसवलं होतं आणि दवाखान्यापर्यंत कचऱ्याच्या वासाबद्दल माफी मागत नेलं होतं.

आता रेश्मानं आरशाला टांगलेली लेकीची बाहुली सोडली, सीटखालची चप्पल काढून घेतली आणि किल्ली घेऊन समोर आली.

"दाखवा आजी. तुमचं खरंच हाय. आप्पांचं हेलपाटं आमी बघितल्यात."

बेलीफानं पेन टेकवलं. अंबूबाईंचा हात वर गेला, पण मूठ उघडली नाही.

"ही त्यांची न्हाई," त्या म्हणाल्या.

बेलीफानं गाडीकडं पाहिलं. दारावर पिवळ्या अक्षरांत नगरपालिकेचं नाव हातभर रंगवलेलं होतं.

"मग कुणाची?"

"ते मला ठावं न्हाई."

धैर्यशील फाटकाकडं चालू लागला. बेलीफानं पेनाला टोपण लावलं.

रेश्मा किल्ली धरून तशीच उभी होती.

"गाडी ठिवलीसा, लय झालं," ती हळू बोलली. "पण आमचा तटलेला पगार नगरपालिकेच्या ब्यांकेतल्या खात्यावर आला हुता, त्यो बी अडकलाय म्हणं. व्हय का आजी?"

अंबूबाईंनी होकाराची मान हलवली. त्या खात्याकडं बोट करावं लागलं नव्हतं. वकिलानं घरी आणलेल्या, खातं गोठवायच्या कागदावर अंगठा पुरला होता. आणि तो त्यांनी केरबांच्या फोटोकडं बघत, हसत उठवला होता.