सुटलेलं टोक

चित्रकाराने जन्मभर चौकोन आणि पट्टे रंगवले, पण त्याचं नाव झालं ते एका तापामुळे.

त्याची रीत साधी होती. कॅनव्हासवर चिकटपट्टी लावायची, दोन्ही बाजूंनी रंग भरायचा आणि रंग सुकला की पट्टी ओढून काढायची. खाली उरते ती पांढरी, धारदार रेघ. त्या रेघेवर त्याचा जीव होता. तरुणपणी एका मोठ्या लाल-काळ्या चित्रावर पट्टी तशीच असताना तो तापाने आडवा झाला आणि बायकोने चित्र पुरं झालंय असं समजून प्रदर्शनाला धाडून दिलं. तो धडपडत तिथे पोचला तेव्हा समीक्षक चित्रापुढे माना डोलावत होते. "काय धाडस आहे! रेघ रंगवलीच नाही, चक्क चिकटवली!"

चित्रकाराने तोंड उघडलं आणि मिटलं. तोवर त्याला कुत्रं विचारत नव्हतं. बायकोला बोलावं, तर आपलेच दात आणि आपलेच ओठ. पुढे त्याने शेकडो पट्ट्या लावल्या. कधी एखादी सोलून काढलीच, तर गॅलरीवाला हळहळायचा, "सर, हे जरा अर्धवट वाटतंय."

म्हातारपणी संग्रहालयातून बोलावणं आलं. त्या पहिल्या चित्रावरच्या पट्टीचा गोंद वाळून टोक सुटलं होतं. चित्रकार लगेच निघाला. खालची रेघ एकदा डोळे भरून पाहिली, की आपण उगाच जगलो नाही असं त्याला वाटणार होतं.

चित्रं दुरुस्त करणाऱ्या बाई हातमोजे घालून तयारच होत्या.

"बाई, काढूनच टाका ती. चुकून राहिलीय. मला ताप होता हो तेव्हा!"

बाई हसल्या. "काय सर, थट्टा करता! चित्रकाराचा मूळ हेतू आम्हाला बदलता येत नाही."

"अहो, चित्रकार मीच!"

"हो ना. पण हे केलं तेव्हाचे तुम्ही वेगळे होता. त्यांना विचारल्याशिवाय कसं काढायचं?"

बाईंनी गोंदाची बाटली आणि कुंचला उचलला.

"सर, जरा टोक धरता? माझे दोन्ही हात अडकलेत."

त्याने धरलं. पट्टीखाली रेघेचा नखाएवढा पांढरा तुकडा दिसला. कड कुठेही फुटली नव्हती. म्हाताऱ्याला रडूच आलं.

बाईंनी कुंचल्याने गोंद लावला. "आता अंगठ्याने दाबा. सरळ बसू दे हं."

त्याने दाबली. सरळ बसली.