चिठ्ठीची मागची बाजू

आमच्या ह्यांना लोकांनी टाकून दिलेल्या सामानाच्या चिठ्ठ्या गोळा करायचा नाद आहे. कुणी तिकिटं जमवतं, कुणी नाणी. आमच्या नशिबी ‘साबण दोन, मीठ एक’. धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा, त्यामुळे दिवसभर पाय दुकानांतच. टोपलीत, गल्ल्याच्या पायाशी, दाराच्या फटीत चिठ्ठी दिसली की ह्यांचा हात पुढे. घरी आले की आधी शर्टाचा खिसा माझ्यासमोर रिकामा होतो, मग चपला निघतात. मी म्हणते, तुम्ही गेल्या जन्मी कचरापेटी होतात. ते म्हणतात, आणि तू झाकण.

चिठ्ठ्या वहीत चिकटवायच्या, एका पानावर एक, सामानाची बाजू वर. त्यासाठी खळ मी शिजवून देते, गुठळी होऊ न देता. पाहुणे आले की वही निघते आणि हे नाटकी आवाजात वाचून दाखवतात. वाचतात मात्र झकास. मी शंभरदा ऐकलंय, तरी हसते.

गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या एक बाई राहायला आल्या. एकट्याच. नवरा वायरमन होता आणि दोन वर्षांपूर्वी गेला, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. मी त्यांना वहिनी म्हणायला लागले. एका दुपारी चहाला बोलावलं, तर चहा गाळायच्या आत ह्यांनी वही काढलीच. वहिनी मोकळ्या हसत होत्या. माझ्या मनात आलं, चला, बाई रुळल्या.

मग ह्यांनी आपलं हुकमी पान उघडलं.

“कांदे एक किलो, बघून. ‘बघून’खाली दोन रेघा! गेल्या खेपेचे निम्मे टाकले. अंडी सहा, आणि ती घरी येऊन फोडायची आहेत, वाटेत नाही. बल्ब एक. घरात वायरमन असून अंधार!”

मी हसले, हेही हसले. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी वही मांडीवर ओढून घेतली.

“हे माझं अक्षर आहे,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनीच सगळं सांगितलं. नवराबायकोचं भांडण झालं की त्यांच्या घरी अबोला असायचा. पण अबोल्याने पोट भरत नाही, सामान तर आणावंच लागे. मग चिठ्ठीच्या पुढे सामान आणि मागे भांडण. ह्या लिहायच्या, तो दुकानात उभ्या उभ्या खाली उत्तर लिहायचा आणि पिशवीबरोबर चिठ्ठी टेबलावर ठेवून द्यायचा. ही चिठ्ठी नेली त्या दिवशी तो दुकानाच्या दारातच कोसळला. पिशवी घरी आली, चष्मा आला, चिठ्ठी आली नाही.

“दाराजवळच मिळाली होती मला,” हे हळूच म्हणाले.

“मागे मी लिहिलं होतं, माझं चुकलं, आता बोलूया,” वहिनी म्हणाल्या. “त्याने ते वाचलं की नाही, एवढंच मला कळलं नाही. वाचलं असेल तर खाली काहीतरी लिहिलं असणारच. शाईच्या पेनाने. बॉलपेन त्याला आवडायचं नाही.”

ह्यांनी चिठ्ठीची कड नखाने उचलून पाहिली. खळीने चांगलंच धरलं होतं.

“उद्या बाइंडरकडे नेतो,” हे म्हणाले. “ओळखीचा आहे. तो नीट सोडवेल.”

“न्या. दोन वर्षं थांबले, आणखी एक दिवस,” वहिनी म्हणाल्या. पण त्यांचा हात काही पानावरून निघेना, आणि मला ते बघवेना. मला मुळात धीर नाही. माझ्या घाईपायी घरातलं दूध रोज उतू जातं.

“बाइंडर काय वेगळं करणार? खळ माझी, मला सोडवता येत नाही?” असं म्हणत मी किटली चढवलीसुद्धा.

पान वाफेवर धरलं. कोपरा सुटला, मग कड सुटली. मी मोठ्या ऐटीत ह्यांच्याकडे पाहिलं. चिठ्ठी अख्खी निघाली, कुठे चीर नाही. मी ती उलटी केली. वर वहिनींची बॉलपेनची ओळ जशीच्या तशी होती. तिच्याखाली एक ओला निळा डाग होता आणि तो माझ्या डोळ्यांदेखत पसरत होता. घाईघाईने फडक्याने टिपायला गेले, तर उरलंसुरलंही फडक्यावर आलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“लिहिलं होतं,” वहिनी म्हणाल्या. “म्हणजे वाचलं होतं.” मग ह्यांच्याकडे वळल्या. “चिकटवण्याआधी तुम्ही मागे पाहिलं असेल ना? तुम्हाला तर सगळ्या चिठ्ठ्या पाठ आहेत.”

मी वहिनींच्या मागून ह्यांना डोळ्यांनी खुणावलं. सांगा ना काहीतरी. ‘बरं’ लिहिलं होतं म्हणा. कोण पडताळायला येणार आहे?

“नाही, वहिनी,” हे म्हणाले. “मी मागे कधी बघतच नाही.”

वहिनींनी मान हलवली. चिठ्ठी सुकेपर्यंत बसल्या, मग ती दोन्ही हातांत धरून उठल्या. जिन्यात मला म्हणाल्या, “तुम्ही काही मुद्दाम नाही केलंत.” त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दार लावलं आणि मी ह्यांच्यावर घसरले. “एक शब्द खोटा बोलला असतात तर जीभ झडली असती का?”

“मी आयुष्यात बोट लावून काटा झुकवला नाही,” हे म्हणाले. “त्या माणसाचं उत्तर मी कसं देऊ? त्याने ‘नाही’ लिहिलं असेल तर?”

हे मला सुचलंच नव्हतं. मी खाली बसले. मग माझी समजूत घालायला हे म्हणाले, खळीनेच आधी बिघडलं असेल गं, वाफेने नाही. पण खळही माझीच.

ते फडकं मी धुतलेलं नाही. टाकवतही नाही. वहिनी जिन्यात भेटतात, हसतात, एकदा माझी बाही उसवली होती ती शिवून दिली, पैसे घेतले नाहीत. मी वर चहाला बोलावते. त्या “येते हं” म्हणतात आणि येत नाहीत.

ह्यांचा नाद सुटलेला नाही, पण खळ मागत नाहीत. संध्याकाळी खिसा रिकामा करतात आणि एकेक चिठ्ठी आधी उलटून पाहतात. मीही हातातलं काम टाकून बघायला जाते. मागची बाजू बहुतेक कोरीच असते.