मागच्या खोलीचा नकाशा

धाकटीने गेम बनवायला घेतला तेव्हा तिच्याजवळ भांडवल काय होतं? एक जुना लॅपटॉप, त्याची बॅटरी कधीच मान टाकून बसलेली, वायर जरा हलली की बंद. एक काच तडकलेला फोन. आणि कुणाचं काही ऐकून न घेण्याची सवय, जी तिला आईकडून फुकट मिळाली होती. सकाळभर ती एका कुरिअरच्या ऑफिसात पार्सलांवर पत्ते चिकटवी, आणि घरी आली की ताट बाजूला सारून लॅपटॉपपुढे बसे.

सॉफ्टवेअर फुकट होतं, शिकवणारे व्हिडिओही फुकट होते. त्यातला एक टकलू शिकवणारा उठता-बसता एकच सांगे, की पहिला गेम लहान करा आणि घरात जे आहे तेच वापरा. धाकटीने त्याचं बोलणं फारच मनावर घेतलं. चित्रं काढायला तिचा हात चालत नव्हता आणि विकत घ्यायची ऐपत नव्हती. मग तिने घरच्या भिंतींचे फोटो काढून गेममधल्या भिंतींना लावले, फरशीचे फरशीला. टेप घेऊन खोल्या मोजल्या. दारांचे, नळाचे, पंख्याचे आवाज फोनवर घेतले. बाहेरचा देखावा हवा म्हणून मागच्या खोलीच्या खिडकीतून दिसणारी निळी-पिवळी पाण्याची टाकी, तिच्यावर रंगवलेल्या गावाच्या नावासकट, जशीच्या तशी उचलून गेममध्ये ठेवली.

गेम साधाच होता. भर दुपारी सगळे झोपलेत, आणि तुम्ही मागच्या दाराने हळूच आत शिरून मागच्या खोलीतला खाऊचा डबा पळवायचा. पाय चुकीच्या फरशीवर पडला की ती वाजते, कॉटवरची बाई जागी होते आणि म्हणते, "कोण आहे?"

तो आवाज ताईचा होता.

ताईबद्दल सांगायला हवं. ताई नवऱ्याचं घर सोडून आली होती ती एका पिशवीनिशी आणि हाताला प्लास्टर घालून. त्यानंतर आईने गाव बदललं, फोन नंबर बदलले, आणि सख्ख्या मामालासुद्धा नवा पत्ता दिला नाही. पोलिसांकडे एकदा जाऊन झालं होतं. तिथल्या साहेबांनी चहा पाजून सांगितलं होतं, की घरगुती मामला आहे, मिटवून घ्या. तेव्हा घरात नियम एकच होता, ताई इथे आहे हे कुणाला कळता कामा नये. ताई खिडकीचा पडदासुद्धा सरकवत नसे. पण "कोण आहे?" म्हणताना तिला हसू फुटलं होतं, आणि सर्दीने चोंदलेल्या नाकाने ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली होती. कितीतरी महिन्यांनी बहिणीला हसवलं म्हणून धाकटी स्वतःवर बेहद्द खूश झाली. तिने त्यातलाच एक आवाज ठेवला.

गेम पूर्ण झाल्यावर तिने तो एका साइटवर सर्वांसाठी फुकट टाकला. खातं जुनंच होतं, शाळेत असताना उघडलेलं.

लोक कुठे अडकतात ते कळावं म्हणून तिने एक युक्ती केली होती. गेम प्रत्येक खेळणाऱ्याला एक रंग देई, आणि तो माणूस घरात कुठून कुठे फिरतोय ते नकाशावर त्या रंगाच्या ठिपक्याने तिला दिसे. ही युक्ती जमली तेव्हा तिने एकटीनेच टाळ्या वाजवल्या होत्या. हिरवा स्वयंपाकघरात घुटमळून कंटाळून गेला. केशरी तीनदा ताईला उठवून निघून गेला. मोजून सात-आठ टाळकी, पण धाकटीला जत्रा भरल्यासारखं वाटलं.

जांभळा मात्र रोज यायचा.

"ताई, एक जण रोज खेळतोय माझा गेम!"

"वा! मग डबा मिळाला का त्याला?"

नव्हता मिळाला. डब्याकडे तो जातच नव्हता. मागच्या दाराने आत येई, एकही फरशी न वाजवता मागच्या खोलीत जाई, आणि कॉटशेजारी उभा राही. बराच वेळ. मग खिडकीशी जाऊन टाकीकडे बघत राही. मग निघून जाई.

"काहीतरी बिघडलं असेल तुझ्या गेममध्ये," ताई कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली.

धाकटीलाही तसंच वाटलं. नवशिक्याला बिघाड सापडला की केवढा आनंद होतो! ती दोन दिवस बिघाड शोधत बसली. तो सापडला नाही, पण गेमखाली कुणीतरी लिहिलेली एक ओळ सापडली.

"छान जमलंय. तिला अजून बारा महिने सर्दी असते का?"

धाकटीने ती ओळ पुन्हा वाचली. गेममधल्या बाईला नाव नव्हतं, नातं नव्हतं. ती कुणाची कोण हे धाकटीने कुठेच लिहिलं नव्हतं. मग तिला खातं आठवलं. ते उघडताना तिचा स्वतःचा ईमेल नव्हता म्हणून भाऊजींचा घातला होता. त्यांच्याच कॉम्प्युटरवर, त्यांच्याच शेजारी खुर्ची ओढून. तेव्हा ते लाडके भाऊजी होते, आणि मेव्हणी मोठेपणी गेम बनवणार म्हणून चारचौघांत सांगत सुटायचे. आज घरात त्यांचं नाव कुणी काढत नव्हतं. पण साइट इमानेइतबारे त्यांना कळवत राहिली होती, की तुमच्या खात्यावर नवीन गेम आला आहे.

तिने ईमेल बदलला. पण गेला तो गेलाच. गेम त्याच्या मशीनवर उतरला होता, दारासकट, टाकीसकट.

त्याच वेळी तिने ताईला सांगायला हवं होतं. तिने सांगितलं नाही. लाज वाटली, भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर आपण हे निस्तरू असंही वाटलं. तिने सुताराला बोलावून मागच्या दाराची खरीखुरी कडी बदलून पितळी बसवून घेतली. आईला म्हणाली, जुनी ढिली झाली होती. मग गेमची नवी आवृत्ती केली. खोल्या उलट्यापालट्या केल्या, मागचं दार पुढे नेलं, टाकीच्या जागी फुकट मिळालेला समुद्र लावला. आता तो गोंधळेल, तिने स्वतःची समजूत घातली. हे घर बनावटच आहे असं त्याला वाटेल.

जांभळा आला. सवयीने जुन्या वाटेने निघाला आणि भिंतीवर आदळला. थोडा थांबला. मग एकेक खोली बघत फिरला, घाई न करता. धाकटी बघत होती. तो गेला आणि ओळ आली.

"हे चुकलं तुझं. आधीचं बरोबर होतं. फक्त मागच्या दाराला आता पितळी कडी आहे, तेवढी घाल."

धाकटी उठली ती थेट ताईसमोर जाऊन उभी राहिली. सगळं सांगितलं, रडत, तुटक, मधलं आधी आणि आधीचं शेवटी. ताई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने कॉटखालची पिशवी ओढली आणि भरायला लागली. कुठली वस्तू कुठे बसते हे तिच्या हातांना पाठ होतं.

"आपण सगळेच जाऊ," आई म्हणाली. "मी आत्ता घरमालकाला फोन करते."

"नको. तिघी गेलो तर तिघींचा माग लागतो. मी एकटीच जाते."

"कुठे जाशील? मी येते सोडायला," धाकटी म्हणाली. "ताई, निदान मला तरी सांगून ठेव."

ताईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "तुझ्या मनात काही वाईट नव्हतं, ते कळतंय मला. पण तुला नाही सांगणार बाळा. आईलाही नाही." आवाजात राग नव्हता, आणि तेच धाकटीला सहन झालं नाही. पुढच्या दाराने, गर्दीच्या वेळी, आईची ओढणी डोक्यावर घेऊन ताई गेली. जाताना तिने मागे वळून पाहिलं नाही.

गेम काढून टाक म्हणून आई मागे लागली. धाकटीने काढला नाही. उलट जुनं घर पुन्हा जसंच्या तसं लावलं, पितळी कडीसकट. कारण जांभळा रोज येत होता, आणि जोवर तो ठिपका त्या खोलीत उभा आहे तोवर तो माणूस कुठेतरी कॉम्प्युटरसमोर खुर्चीत बसलेला आहे, एवढं तरी तिला कळत होतं. ती कामावरून धावत घरी यायची. ठिपका दिसला की तिला हायसं वाटायचं. स्वतःची तिला शिसारी यायची, तरीही हायसं वाटायचं. त्याला गुंतवून ठेवायला ती रोज काहीतरी नवीन घालू लागली. खुर्चीवर ताईची शाल, उशाशी तिचा चष्मा. तो प्रत्येक वस्तूपाशी थांबे. ताईचा फोन नव्हता, निरोप नव्हता. ती बरी आहे असं समजायला धाकटीजवळ फक्त तो ठिपका होता.

सोमवारी ती घरी आली, लॅपटॉपची वायर नीट धरून बसली आणि नकाशा उघडला. घर रिकामं होतं. तिने वाट पाहिली. आई आली, कुकर लावला, दिवे लागले. मंगळवारी घर रिकामंच. बुधवारी एक नवा गुलाबी ठिपका आला, बावळटासारखा फरश्या वाजवत फिरला, ताईला उठवून पळाला.

जांभळा आला नाही. त्याचा शोध संपला होता.