तुळजाबाईचा भरलेला हौद

वरच्या आळीला नळ आला, त्या सकाळी तुळजाबाईनं धार काढता काढता म्हशीलाच शिव्या घातल्या. म्हशीचा बिचारीचा काय गुन्हा? पण परसातल्या भिंतीपलीकडं धाकट्या जावेच्या, कौशल्याच्या नळाचं पाणी खळाखळा हंड्यात पडत होतं आणि तो आवाज तुळजाबाईला सोसवत नव्हता.

दोघी सख्ख्या जावा. दिरानं वाटणी मागितली तेव्हा एका घराची दोन घरं झाली. कौशल्याचं दार वरच्या आळीत, तुळजाबाईचं खालच्या आळीत, मधे परसात छातीएवढी भिंत. त्या भिंतीवरून तुळजाबाईनं काय काय बघितलं! आधी कौशल्याकडं फ्रीज आला. मग खराडीच्या शेतांत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, त्यातल्या एकीत तिचा पोरगा अभिनव गळ्यात पट्टा अडकवून कामाला जाऊ लागला. त्याच इमारतींच्या बोअरांनी गावच्या विहिरी आटवल्या. आणि आता हा नळ.

"समदं हिच्याच पदरात कसं पडतं गं बाई?" तुळजाबाई धुसफुसली.

"पालिकेत जाऊन इचारू की," तिचा नवरा बजरंग म्हणाला. "आणि ऐक. पाणी न्हाई आलं, तर ह्या बाजाराला म्हस इकणार. लांबून कळश्या आणून माझं खांदं गेलं."

म्हैस म्हणजे तुळजाबाईचा जीव. ती चप्पल घालून पुढंच निघाली, बजरंग तिच्या मागून.

पालिकेच्या कचेरीत पाण्याचे साहेब कॉम्प्युटरपुढं बसले होते. तुळजाबाईनं पदर खोचला. "सायेब, वरच्या आळीत नळ आन् खालच्या आळीत वाळवंट. कुणाची चिठ्ठी आली तुमास्नी?"

"चिठ्ठीचे दिवस गेले, बाई," साहेब शांतपणे म्हणाले. "पूर्वी पुढाऱ्याचा माणूस ज्या गल्लीत, त्या गल्लीत पाइप. आता घरोघर विचारून माहिती भरलीय. जिथं टंचाई जास्त, तिथं आधी नळ. आपली आळी कोणती म्हणालात? खालची. हं. हौद भरलेले, बोअरला बारमाही पाणी. असं आपणच सांगितलंय."

तुळजाबाईचं तोंड एवढंएवढंसं झालं.

तिला उन्हाळ्यातली दुपार आठवली. पालिकेची तनुजा नावाची पोरगी विचारत विचारत आली होती, आणि तिला घेऊन आली होती कोण, तर कौशल्या! पदराला हात पुसत ओट्याशी उभी. आता भावकीतल्या बाईपुढं, त्यातून हिच्यापुढं, आपल्या घरात पाणी नाही असं कुणी सांगतं होय? तुळजाबाईनं मान ताठ केली. "हौद तर तुडुंब असतोय बाई आमचा. म्हशी धुऊन उरतं पाणी!" बोअर शिमग्यापासून नुसती धूळ फेकत होता. आणि शेजारच्या दुर्गाबाईनं ते ऐकलं. तुळजाबाईचा हौद भरलेला, मग आपण काय भिकारी आहोत? तिनंही भरलेला सांगितला. तिच्यामागून अख्ख्या आळीनं सांगितला.

"तू सांगितलंस?" बजरंगनं डोळे वटारले.

"त्या कौशीसमोर काय सांगू मग? घसा कोरडा पडलाय म्हणून?"

साहेबांनी चष्मा पुसला. "बाई, आमच्या फॉर्ममध्ये जावाजावांचा रकाना नाही. चुकीचं भराल तर चुकीचंच ठरेल, कॉम्प्युटरला काय कळतंय? मुलीला पुन्हा पाठवतो. या वेळी खरं सांगा. नाहीतर पुढच्या वर्षी या, चहा घेऊ."

तनुजा आली ती बाजाराच्या आदल्या दिवशी. दुर्गाबाई आणि बाकीच्या बाया आपापल्या दारात उभ्या होत्या. आता ही काय सांगते, तेच आपण सांगू, असा सगळ्यांचा बेत. आणि तनुजाच्या मागून आलीच कौशल्या, नळावर भरलेली कळशी कमरेवर घेऊन. पाणी हिंदकळत होतं, तिचं लुगडं भिजत होतं, आणि तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं. मुद्दाम आली भवानी, तुळजाबाईच्या मनात आलं.

"आजी, तुमच्या हौदात पाणी असतं का?" तनुजानं विचारलं.

तुळजाबाईनं जावेकडं बघितलं. त्या कळशीकडं बघितलं. तुडुंब, हा शब्द अगदी जिभेवर आला. गोठ्यातून म्हैस रेकली.

"न्हाई," ती बोलली. मग सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडली, "टिपूस न्हाई! हौदात पाली फिरत्यात. बोअर मेलाय. लिव्ह!"

दारादारांतून बाया एकदमच बोलायला लागल्या. "आमचा बी कोरडा! आमचा बी लिव्ह गं!"

"खरं हाय पोरी," कौशल्या म्हणाली. "ह्यांचा हौद म्या रोज भिंतीवरनं बघते. शिमग्यापासनं कोरडा ठाक हाय."

तुळजाबाई गर्रकन वळली. "तुला ठावं व्हतं? आन् मागल्या टायमाला इथंच हुबी व्हतीस की! तवा तोंड का शिवलं व्हतंस?"

कौशल्यानं कळशी सावरली. "तवा बोलले असते अक्का, तर नळ आधी तुझ्या दारात आला असता की."

तनुजा लिहायची थांबली.

तुळजाबाई दोन पावलं पुढं झाली, जावेच्या कमरेवरची कळशी तिनं हिसकून घेतली, तडक गोठ्यात गेली आणि म्हशीपुढच्या घमेल्यात पालथी केली.

"अगं अक्का! प्यायचं पाणी हाय ते!"

"मग म्हस काय पीत न्हाय व्हय?" तुळजाबाई म्हणाली, आणि रिकामी कळशी जावेच्या हातात ठेवून म्हणाली, "जा, दुसरी आण. नळ येईस्तवर आणायची."