चार नंबरची गाडी

माइक दोनदा खरखरला आणि मेला. पालिकेच्या पायऱ्यांवर बोलायला उभे राहिलेले औषधांच्या दुकानाचे मालक पुढचं वाक्य तोंडात धरून तसेच राहिले. समोर तीन-चारशे माणसं. मागची चुळबुळायला लागली, दोघंतिघं तर स्कूटरच्या किल्ल्या काढून वळलीसुद्धा. तेवढ्यात गर्दीतून आवाज आला.

"अहो, चाललात कुठे? मध्ये जागा रिकामी आहे, पुढे सरका!"

लोक हसले आणि खरोखरच पुढे सरकले. एकतीस वर्षं चार नंबरच्या गाडीत याच आवाजाने त्यांना पुढे सरकवलं होतं. पायांना सवयच होती.

"कंडक्टर, या वर," औषधवाल्यांनी हात केला. "माझा घसा नाही पुरायचा."

कंडक्टर वर गेला. एवढ्या माणसांकडे तोंड करून तो जन्मात उभा राहिला नव्हता. गाडीत माणसं पाठमोरी असत. त्याने खोल श्वास घेतला आणि पोटातून घोषणा दिली. "कर कमी करा!"

"खर्च कमी करा!" चौक गरजला. वरच्या मजल्यावरच्या दोन खिडक्या धाडकन बंद झाल्या.

निवृत्त होऊन त्याला आठ महिने झाले होते आणि तेवढ्या काळात त्याचे पाय घरात टिकले नव्हते. जन्मभर हलत्या फरशीवर उभा राहिलेला माणूस. घरची फरशी हलत नाही, याचाच त्याला त्रास व्हायचा. खुर्चीत बसायचा, उठायचा, गॅलरीत जायचा, परत यायचा, नळ नीट बंद आहे ना ते बघायचा.

"बसा की हो एका जागी," बायको म्हणायची. "तुम्हाला बघून मलाच गरगरतं."

मग चपला घालून तो आगाराच्या फाटकाशी जाऊन उभा राहायचा. जुने सोबती हात करायचे, घंटी वाजायची, गाडी निघून जायची. त्याला घेण्यासाठी ती थांबायचं काही कारण नव्हतं.

अशात घरपट्टीची नोटीस आली. पट्टी दीडपट झाली होती. पालिकेला नवं सभागृह बांधायचं होतं, वर काचेचा घुमट असलेलं. "भरून टाकू, वाद नको," बायको म्हणाली. पण कंडक्टरला निदान जायला एक ठिकाण मिळालं होतं. तो पालिकेत जाऊन रांगेत उभा राहिला.

"वाढ कशाची?" त्याने खिडकीतल्या कारकुनाला विचारलं.

"वरून आलंय."

"वर म्हणजे कुठे? छताला विचारू?"

मागे उभ्या असलेल्या बाई हसल्या. त्या मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या पिशवीत पालिकेच्या अंदाजपत्रकाची प्रत होती आणि तिच्यावर, निबंध तपासावा तशा, लाल पेन्सिलीच्या खुणा होत्या. त्याच त्याला औषधवाल्यांच्या दुकानामागच्या खोलीत घेऊन गेल्या. तिथे खोक्यांवर बसून दहाबारा माणसं तावातावाने बोलत होती.

घोषणा तिथेच ठरली. बाईंनी एक लिहून आणली होती. त्यांनी चष्मा लावून वाचली, "काचेच्या घुमटावरील अनावश्यक खर्च तात्काळ रद्द करण्यात यावा."

"बाई, हे म्हणून होईपर्यंत तीन थांबे जातील," कंडक्टर म्हणाला. खोक्यावर थाप मारून त्याने ताल धरला. "कर कमी करा! खर्च कमी करा! बघा, कसं तोंडात बसतं."

"पण कोणता खर्च, ते सांगायला नको?"

"लोकांना कळतं हो."

बाकीच्यांनी लगेच तीच उचलून धरली. बाईंनी आपला कागद घडी घालून पिशवीत ठेवला.

पुढचे सात आठवडे कंडक्टरच्या पायाला भिंगरी होती. सकाळी बाहेर पडायचा तो जेवायलाच घरी. पत्रकं वाटायचा, पायऱ्यांवर बसायचा, घसा बसला की मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करून पुन्हा उभा राहायचा. रात्री अंथरुणावर पडला तरी पाय हलत राहायचे. "आता काय झालं?" बायको विचारायची. "काही नाही," तो म्हणायचा, आणि ते खरंच होतं.

सह्या गोळा करायला त्याने चार नंबरची गाडीच धरली. शेवटच्या थांब्यावर, चढावरच्या वस्तीत, अक्का राहायची. त्याची थोरली बहीण, अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा याला तिनेच वाढवलं होतं. गेल्या वर्षी तिला अर्धांगाचा हलका झटका आला होता. डाव्या हातात जोर राहिला नव्हता. मंगळवारी आणि शुक्रवारी ती व्यायामासाठी चार नंबरने इस्पितळात जायची. त्या चढावर यायला रिक्षावाले राजी नसत.

"कशाच्या विरुद्ध आहे रे हे?" अक्काने पेन हातात घेत विचारलं.

"खर्चाच्या."

"मग करते सही. लहानपणी तुझ्या ओरडण्याविरुद्धच अर्ज करायला हवा होता मी."

आठव्या आठवड्यात पालिकेची सभा बसली. दुपारी अध्यक्ष स्वतः पायऱ्यांवर आले, हातात कागद. त्यांचा माइक उत्तम चालत होता. "नागरिकांच्या भावनांचा आदर करून घरपट्टीतली वाढ मागे घेण्यात येत आहे," एवढं ऐकू आलं आणि पुढचं सगळं आरोळीत बुडालं. औषधवाले रडत होते. कोणीतरी कंडक्टरच्या कमरेला हात घातला, कोणी पाय उचलले, आणि बघता बघता तो लोकांच्या खांद्यावर गेला. तिथून त्याला दिसलं की अध्यक्ष अजून वाचताहेत. खालच्या पायरीशी बाई एकट्याच कानामागे हात धरून ऐकत होत्या.

तो खाली उतरला तेव्हा बाईंनी त्याची बाही धरली. "दुसरा ठराव ऐकलात?"

"कसला?"

"खर्चकपातीचा. 'नागरिकांच्याच मागणीनुसार' म्हणाले. पहिल्या तारखेपासून चार नंबर बंद."

कंडक्टर हसतच होता. चेहऱ्यापर्यंत बातमी पोचली नव्हती. "आणि घुमट?"

"त्याचं कंत्राट आधीच दिलंय. मोडता येत नाही म्हणे."

कोणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. "वा, कंडक्टर!"

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच तो औषधवाल्यांच्या दारात हजर होता. "पुन्हा बोलवा सगळ्यांना."

"लोक आत्ता कुठे घरी गेलेत, कंडक्टर. येतील?"

"घरपट्टीसाठी आले होते ना?"

"घरपट्टी सगळ्यांची होती. चार नंबर किती जणांची आहे?"

"सकाळच्या फेरीला अडतीस," कंडक्टर ताबडतोब म्हणाला. "दुपारी नऊ-दहा. दुपारचे सगळे म्हातारे."

औषधवाल्यांनी चष्मा काढून पुसला. "मी वाईट माणूस नाही हो. सात आठवडे दुकान अर्धवेळ चालवलंय. घरी बोलणी खातोय."

तेही खरं होतं. कंडक्टरला भांडायला कोणी सापडेना. तो अर्ज घेऊन पालिकेत गेला, तर खिडकीतला कारकून वर न बघता म्हणाला, "तुम्हीच तर मागितलंत." महिनाअखेरपर्यंत तो आणि बाई रोज पायऱ्यांवर बसले. जाणारे-येणारे हात करायचे, "जिंकलात की हो!" म्हणायचे आणि पुढे जायचे.

अक्काला सांगायला तो गेला खरा, पण तिच्या स्वयंपाकघरात येरझारा घालत राहिला.

"बस आधी."

"बसवत नाही."

"मग उभ्याने बोल."

त्याने सांगितलं. अक्का उजव्या हाताने कपड्यांच्या घड्या घालत होती. एक टॉवेल हनुवटीखाली धरून तिने तो दुमडला. "म्हणजे माझीसुद्धा सही आहे त्यावर."

"हो."

अक्का हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईतो हसली.

"हसू नकोस गं!"

"मग काय करू? घरपट्टी कमी झाली हे खोटं का? मला ती झेपत नव्हतीच." मग तिने टॉवेल बाजूला ठेवला. "तू ओरडलास ते बरोबरच होतं. फक्त अर्धंच ओरडलास."

तो दाराशी जाऊन बाहेर बघत उभा राहिला. "मंगळवारी आठला येतो," तो म्हणाला. "चालत जाऊ. सावकाश."

मंगळवारी ते निघाले. उतारावर अक्काने त्याचा दंड धरला होता. दर दहा पावलांनी ती थांबायची आणि थांबल्याचं कारण म्हणून काहीतरी बघायची, कोणाची कुंडी, कोणाचं नवं फाटक. पहिल्या थांब्यावर कडेवर मूल घेऊन एक बाई उभी होती. तिला सांगितल्यावर तिने मूल दुसऱ्या कडेवर घेतलं आणि ती त्यांच्याबरोबर चालू लागली. पुढच्या थांब्यावर एक गवंडी हत्यारांच्या पोत्यावर बसला होता.

"गाडी गेली का हो?" त्याने विचारलं.

"गाडी नाही आता. बंद झाली."

"कोणी केली बंद?"

"पालिकेने, दुसरं कोण," मूलवाली म्हणाली.

अक्काने भावाचा दंड हलकेच ओढला. "चल रे. उशीर होतोय."

पण कंडक्टर हलला नाही. किती दिवसांनी त्याचे पाय एका जागी उभे होते. "खर्च कमी करा म्हणून आम्ही मागे लागलो होतो," तो म्हणाला. "कुठला ते सांगितलं नाही. पायऱ्यांवरून ओरडत होता तो मीच."

गवंड्याने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग त्याची नजर अक्काकडे गेली. तो उठला. पोतं खांद्यावर टाकलं, अक्काच्या खांद्यावरची पिशवी न विचारता घेतली.

"इस्पितळाकडेच ना?"

"हो," अक्का म्हणाली.

रस्त्यावर ऊन यायला लागलं होतं. इस्पितळ अजून दोन थांबे लांब होतं. चौघंही अक्काच्या चालीने चालत होते, म्हणजे अगदी हळू.